हलीमा मन्यारणीचा अंगठा

शिरड शहापूरच्या पंचक्रोशीत जिचा हात हलीमा मन्यारणीच्या हातात कधी गेला नाही, अशी बाई शोधूनच काढावी लागेल. मन्यारीण म्हणजे बांगड्या भरणारी. खांद्यावर बांगड्यांच्या माळांचं गाठोडं, हातात पत्र्याची पेटी आणि तोंडाला क्षणाची उसंत नाही, अशी ती लग्न होऊन या गावात आली तेव्हापासून आसपासच्या गावांतून फिरत होती. कुठल्या सुनेचं सासूशी पटत नाही, कुठल्या पोरीला बघायला पाहुणे आले आणि चहा पिऊन गप्प निघून गेले, हे तिला तलाठ्याच्या आधी कळायचं. तलाठ्याला त्याचा काही उपयोग नव्हता ही गोष्ट वेगळी.

ओसरीवर बसली की ती आधी पाणी मागायची, मग बाईचा हात. माप विचारायची पद्धत तिच्याकडं नव्हती. चारी बोटं मुठीत गोळा करायची, उजव्या अंगठ्यानं त्या बाईच्या अंगठ्याचं मूळ नेमकं आत दाबायची, हात दुमडून निमुळता व्हायचा आणि काचेची बांगडी हाडावरून सुळकन मनगटात उतरायची. बाई ‘आई गं’ म्हणायला तोंड उघडायची तोवर दुसरी गेलेली असायची. हळद शिजवण्याच्या दिवसांत बायांचे हात राठ होतात, नखं पिवळी पडतात, तळव्यांना भेगा पडतात. तसले हातही हलीमाच्या अंगठ्याखाली मऊ यायचे.

तिचा नवरा युसूफ आठवडी बाजारात बांगड्यांचं दुकान मांडायचा. मन्याराच्या घरात जन्मून त्याच्या हातून डझनात चार तरी बांगड्या वाढायच्याच. बांगडी फुटली असं आपल्याकडं म्हणत नाहीत, पण युसूफ भरायला बसला की बायांच्या मनात तोच शब्द यायचा. बाया सरळ सांगायच्या, “भाई, तुमी नुसतं रंग दाखवा. भरून हलीमाबीकडून घेऊ.” त्याला त्याचं वाईट वाटत नसे. घरात एक कसबी हात आहे, तो आपल्या बायकोचा आहे, यावर तो खूश होता.

काम संपलं की हलीमा पेटीचं झाकण लावायची, खिटी अंगठ्यानं दाबायची आणि म्हणायची, “चला, आता पुढच्या सणाला.” संक्रांतीला म्हणायची, पंचमीला म्हणायची. हे म्हटल्याशिवाय ती कुणाच्या ओसरीवरून उठली आहे असं कुणी पाहिलं नव्हतं.

कोरोना सरून लग्नं पुन्हा वाजतगाजत लागायला लागली, त्या सुमारास तिच्या त्याच अंगठ्याच्या नखात एक काळी रेघ उमटली. मुळापासून टोकापर्यंत, सरळ, पेनानं ओढल्यासारखी. हलीमानं तिच्याकडं ढुंकूनही पाहिलं नाही. काचेच्या धंद्यात नखाखाली कपची जाते, रक्त साकळतं, काळं पडतं, हळूहळू नखाबरोबर वर सरकतं आणि एक दिवस कापून टाकता येतं. तिच्या सासूच्या नखांत असे डाग असायचे, युसूफच्या तर बारमाही असायचे. ही रेघ वर सरकत नाही, हे काही तिच्या लक्षात आलं नाही.

ते लक्षात आलं सपनाच्या.

सपना म्हणजे जनकाबाईची पोरगी. जनकाबाईचं घर बौद्धवाड्यात, विहाराला लागून. सपना पाळण्यात असताना नामकरणाच्या दिवशी तिच्या मुठीवरून पहिल्या काळ्या बांगड्या सरकवल्या त्या हलीमानं, आणि तेव्हाच बोलून गेली होती, “हिचा लगनाचा चुडाबी मीच भरणार, जनकाबाई. दुसऱ्या कोणाला बोलावलं तर बघा.” ती पोरगी शिकली, नर्स झाली आणि दोन गावं पलीकडं उपकेंद्रात लागली. पंचमीला आईकडं आलेली असताना तिनं हात पुढं केला. हलीमानं अंगठा टेकवला, आणि सपनानं आपला हात भरून घ्यायचा सोडून हलीमाचाच अंगठा धरून उजेडाकडं वळवला.

“मावशी, हे काय झालं?”

“काच लागली आसंल. आमचं रोजचंच हाय ते.”

“कधी लागली?”

“लय दिस झाले बाई. आता काय पंचांग बघू? हात दे हिकडं.”

“रक्त आसतं तर नखासंगं वर गेलं आसतं. ही तर मुळातून निघून राहिली.” सपनाचा आवाज बदलला होता. “मावशी, हे दाखवावं लागल.”

हलीमा हसली. जिला आपण तेल लावून चोळलं, ती पोरगी आता आपल्याला नखं दाखवायला लावते, याचं तिला कौतुकही वाटलं. पण सपना हट्टाला पेटली होती. सुट्टी काढून ती तिला नांदेडला एका कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडं घेऊन गेली. बाईंनी उजेडाचं भिंग नखावर टेकवून पुष्कळ वेळ पाहिलं.

“रेघ बारीक आहे, सरळ आहे,” बाई म्हणाल्या. “आपल्या सावळ्या लोकांच्या नखांत अशा रेघा असतात आणि बहुतेक वेळा त्यांचं काही होत नाही. पण ही एकाच नखात आहे, अंगठ्यात आहे, आणि तुमच्या वयात नव्यानं आली आहे. कातडीचा एक कॅन्सर असाच नखातून सुरू होतो. नख काढून मुळातला बारीकसा तुकडा तपासला तर शंका उरणार नाही.”

हलीमानं एकच विचारलं. “नख काढल्यावर अंगठा किती दिवस बंद?”

“महिना, दीड महिना. जास्तही लागेल.”

दिवाळी तोंडावर होती आणि तिच्या मागं तुळशीची लग्नं. मन्यारणीचा वर्षाचा खरा मोसम तोच. हलीमानं मान हलवली. “आता न्हाई जमायचं बाई. नंतर बघू.”

डॉक्टरीणबाई काही खूश झाल्या नाहीत, पण रागावल्याही नाहीत. म्हणाल्या, “मग लक्ष ठेवायचं, आणि ते नीट ठेवायचं. दर महिन्याला फोटो काढून पाठवायचा. नख उघडं ठेवायचं, त्यावर काही लावायचं नाही. रेघ रुंद झाली, नख फाटलं किंवा काळेपणा नखावरून कातडीवर उतरला, तर त्याच आठवड्यात यायचं. तेव्हा मोसम म्हणायचं नाही.” हलीमानं त्यांच्यासमोर कबूल केलं. बसमध्ये मात्र सपनाला म्हणाली, “तंबाखू खाणाऱ्याला तोंडात व्हतो ते ऐकलं व्हतं. नखात कसला कॅन्सर गं?”

फोटो काढायचं काम आलियाकडं आलं. आलिया हलीमाची धाकटी लेक, बारावी करून घरी होती, मोबाइल तिच्या हातातून सुटत नसे. रेघेची रुंदी कळावी म्हणून शेजारी काहीतरी ठेवा, असं सपनानं सांगितलं होतं. मन्याराच्या घरात ठेवायला बांगडीशिवाय दुसरं काय असणार? एक बारीक हिरवी काचेची बांगडी बाजूला काढून ठेवली आणि दर महिन्याला नखाशेजारी तीच ठेवायची असं ठरलं. हिवाळाभर रेघ बांगडीहून बारीकच होती. सपना फोटो बघायची, ‘ठीक’ म्हणून कळवायची, आणि हलीमा विजय मिळवल्यासारखं युसूफला सांगायची, “देखो जी, कुछ नै है.”

खरं तर इथवर सगळं बरोबर चाललं होतं. असंच चाललं असतं तर ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती.

उन्हाळ्याच्या लग्नसराईत ती एका लग्नघरी चुडा भरायला गेली. नवरीची आत्या, नीलाबाई नावाची, नाकावर राग घेऊनच जन्मलेली बाई. हलीमानं नवरीचा हात हातात घेतला तशी आत्याची नजर अंगठ्यावर पडली.

“अगं बाई, तुमचं नख काळं काहून?”

“काच लागली व्हती.”

“काच न्हाई ती. काहीतरी रोग दिसून राहिला.” आत्यानं नवरीचा हात हलीमाच्या हातातून काढून घेतला. “चुड्याच्या दिवशी काळं नको बाई. नवरीचा हात हाय. राग नका मानू.”

राग मानू नका असं सांगून माणसं जे करतात, ते राग मानण्यासारखंच असतं. दुसऱ्या गावची मन्यारीण बोलावली गेली. हलीमाला चहा दिला. तो तिनं अंगणात पेटी मांडीवर घेऊन प्यायला. सगळ्या बाया तिच्याशी गोड बोलत होत्या आणि हात मात्र एकीनंही पुढं केला नाही. इतक्या वर्षांत असं कधी घडलं नव्हतं. गावात शिरण्याआधी ती ओढ्याच्या पुलाच्या कठड्यावर बसली आणि पदर तोंडाला लावून रडली.

घरी आल्यावर तिनं आलियाला मेंदी भिजवायला सांगितली.

“अम्मी, सपनादीदीनं नखावर काही लावू नको म्हणून सांगितलंय.”

“नेलपॉलिश थोडीच लगा रही मैं. मेंदीच तो है.” नेलपॉलिशनं वजू, म्हणजे नमाजाआधीचं हातपाय धुणं, पुरं होत नाही, नमाज चालत नाही, म्हणून तिच्या घरात नखं रंगवायची ती मेंदीनंच, आजीपणजीपासून. मेंदी म्हणजे सणाची, पुण्याची वस्तू, ती आडवी येईल असं तिला वाटलंच नाही. निदान त्या दिवशी तरी नाही. आलियानं दहाही बोटांची टोकं मेंदीत बुडवली. सकाळी धुतलं तेव्हा नखं काळपट लाल झाली होती आणि रेघ त्या रंगात बुडून गेली होती. पुढच्या लग्नघरात एक म्हातारी म्हणाली, “हलीमाबी, काय रंगलीय हो मेंदी!” आणि हात पुढं आले, एकामागून एक.

तळहातावरची मेंदी आठवड्यात उतरते. नखावरची उतरत नाही, ती नख वाढून कापलं जाईल तेव्हाच जाते. आणि ती जायच्या आत हलीमा नवी लावायची.

आलियानं मेंदीचा फोटो पाठवला. सपनानं कळवलं, “मेंदी गेली की परत पाठव.” पुढच्या महिन्यातही मेंदीच, आणि सपनाचं तेच उत्तर. मग सपनाचं लग्न जमलं. मुलगा रवींद्र हिंगोलीचा, शाळेत शिक्षक. साड्या, पत्रिका, उपकेंद्रातल्या बाळंतिणी आणि लसीकरणाचे दिवस, या सगळ्यात तो अंगठा मागं पडला. कुणाचं मन वाईट नव्हतं. फक्त बघायचं राहून गेलं.

हलीमाचं मात्र राहून गेलं नव्हतं. सपनाच्या लग्नाला आठवडा उरला असताना ती नळावर भांडी घासत होती. राखेनं कातडीवरची मेंदी उतरली होती, नख वाढून बुडाशी कोरी पट्टी उघडी पडली होती, आणि तिथं तिला दिसलं. रेघ आता रेघ उरली नव्हती. अर्ध्या नखापेक्षा जास्त भाग काळा होता, टोकाला नख उभं चिरलं होतं, आणि नखाच्या मुळाशी जी कातडी असते तिच्यावर शाई सांडावी तसा काळा डाग उतरला होता. तिनं घासलं. पुन्हा घासलं. राख लावून कातडी सोलवटेपर्यंत घासलं. डाग तिथंच होता. नळाचं पाणी बादलीबाहेर वाहत राहिलं आणि तिला डॉक्टरीणबाईंचं बोलणं शब्दन् शब्द आठवलं.

तिला कळलं नाही असं नाही. सगळं कळलं. तिनं नळ बंद केला. पण डोक्यात पहिला विचार आला तो हा, की आता नांदेडला गेलं तर हा अंगठा जाणार, आणि सपनाचा चुडा दुसरी कुणीतरी भरणार. पाळण्यापाशी दिलेला शब्द होता तो. पुलावर बसून रडायला लावणारा तो दिवस अजून ताजा होता. तिनं मनाशी ठरवलं, कापायचाच असेल तर सपनाचा चुडा भरून कापा. एका आठवड्यानं काय होतंय. मग तिनं स्वतःच मेंदी भिजवली, आणि या वेळी नखाच्या बुडाशी, कातडीवरही, जाड थापली.

चुड्याच्या दिवशी जनकाबाईच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. सपना पांढऱ्या साडीत पाटावर बसली होती. हलीमानं तिचा हात घेतला, अंगठा टेकवला आणि दाबला, तशी खांद्यापर्यंत कळ गेली. तिनं दात आवळले आणि हसत राहिली. हिरव्या बांगड्या एकामागून एक उतरत गेल्या. शेवटची भरताना सपनाच्या मनगटावर रक्ताचा एक थेंब पडला. तो सपनाचा नव्हता.

“मावशी, लागलं का गं?”

“काच लागली.”

सपनानं तिची बोटं धरली. क्षणभर तिच्यातली नर्स जागी झाली असावी, कारण ती मेंदीनं माखलेल्या नखाकडं बघत म्हणाली, “मावशी, तुझे फोटो... मेंदी काढून...” तेवढ्यात बाहेरून कुणीतरी ओरडलं की पाहुणे आले, नवरीला आणा. जनकाबाईनं लेकीला उठवलं. सपनाची बोटं सुटली. हलीमानं पदरानं थेंब पुसला, पेटी लावली आणि म्हणाली, “चला, आता पुढच्या सणाला.” त्या दिवशी ती फार आनंदात होती, हे सांगायलाच हवं. घरी जाताना तिला कळ जाणवतसुद्धा नव्हती.

एका आठवड्यानं जायचं होतं. पण लग्नाच्या तिथी संपत नव्हत्या, आणि सपनाचा चुडा भरला तसा या पोरीचाही भरू, त्या पोरीचाही भरू, असं होत गेलं. खरं कारण हलीमानं कुणाला सांगितलं नाही. ती घाबरली होती. नांदेडला जाईपर्यंत तो नुसता अंगठा होता. तिथं गेल्यावर तो काय होणार हे तिला ठाऊक होतं.

सपना पंचमीला माहेरपणाला आली ती थेट हलीमाच्या घरी. हलीमानं हाताला चिंधी गुंडाळली होती. सपनानं ती सोडली. नख नव्हतंच. जागेवर काळसर, ओली, मांस वर आलेली जखम होती. सपनानं हलीमाचा हात वर उचलून काखेत बोटं घातली. तिथं लिंबाएवढी गाठ हाताला लागली, आणि सपनाचा चेहरा पांढराफटक पडला. युसूफ दारात उभा होता. त्यानं विचारलं, “क्या हुआ बेटी?” आणि उत्तराची वाट न बघता रिक्षा बघायला धावला.

पुढचं सगळं फार भराभर झालं. आधीच व्हायला हवं होतं ते सगळं आता एकदम झालं. तुकडा तपासला. मेलानोमा, डॉक्टरीणबाईंनी नाव सांगितलं. हलीमाला ते नाव एखाद्या परक्या बाईचं असावं असं वाटलं. अंगठा मुळापासून काढला. काखेतल्या गाठी काढल्या. हात सुजला आणि सुजलेलाच राहिला. मग पूर्ण अंगाचा स्कॅन झाला आणि फुफ्फुसांत ठिपके निघाले. शरीरानंच रोगाशी लढावं म्हणून नव्या प्रकारची इंजेक्शनं असतात, ती एका मोठ्या दवाखान्यात सुरू केली. युसूफ प्रत्येक वेळी बरोबर जायचा, वॉर्डाबाहेर जमिनीवर बसायचा आणि आत कुणी जाताना दिसलं की उठून उभा राहायचा. काही जणांना ती इंजेक्शनं चांगली लागू पडतात. हलीमाला पडली नाहीत. पुढच्या स्कॅनला ठिपके वाढलेले होते.

तो कागद दाखवायला नांदेडला गेली तेव्हा तिनं डॉक्टरीणबाईंना विचारलं, “बाई, मी पयल्यांदा आले व्हते तवाच नख काढलं आसतं, तर?”

बाईंनी चष्मा काढला. खोटं बोलणं त्यांना जमणार नव्हतं. “तेव्हा रेघ नखातच होती. बहुतेक अंगठ्याचं टोक गेलं असतं. बहुतेक तेवढंच.”

“आन् काळं कातडीवर उतरलं त्या आठवड्यात आले आसते तर?”

“तेव्हाही आशा बरीच होती, हलीमाबी.”

हलीमानं मान डोलावली, जणू बाईंनी बांगड्यांचं माप सांगितलं. बसस्टँडवर युसूफ हमसून रडायला लागला तेव्हा ती त्याच्यावरच खेकसली, “रोव नक्को जी! लोगां देख रहे.” मग त्याचं डोकं तिनं आपल्या चार बोटांच्या हातानं कुरवाळलं. रुसायचा हक्क आता कुणावर उरला नव्हता, तिचा तिच्यावरच होता. आणि स्वतःवर किती दिवस रुसणार? बस आली, बसले.

सपना पोटुशी होती. त्या अवस्थेत ती आली आणि हलीमाच्या खाटेपाशी बसून मोबाइलमधले फोटो काढून बघू लागली. हिरव्या बांगडीशेजारचा अंगठा. बांगडीहून बारीक रेघ. पुढच्या महिन्यातही बारीकच. मग मेंदी. मग पुन्हा मेंदी. आणि तिनं स्वतः लिहिलेलं, ‘मेंदी गेली की परत पाठव’. त्याच्यापुढं काहीच नाही.

“माझ्या हातात हात व्हता, मावशी,” ती म्हणाली. “चुड्याच्या दिवशी. माझ्याच मनगटावर रक्त पडलं. मी नर्स हाय. मला दिसायला पायजे व्हतं.”

“तुला दिसू नये म्हणूनच तर लावली व्हती.”

“काहून पण? काहून केलं असं?”

पुलावरचं रडणं सांगावं तर ते आता इतकं क्षुल्लक वाटत होतं, की त्यासाठी माणूस मरतं हे हलीमालाच खरं वाटेना. धाप लागली होती, ती थांबायची वाट बघून ती एवढंच म्हणाली, “तुजा चुडा भरायचा व्हता बाई.” हे ऐकून सपना खाटेच्या कडेवर डोकं टेकून रडली. हलीमाला आपले शब्द परत घ्यावेसे वाटले. बोलायला नको होतं. हे ओझं आता त्या पोरीला जन्मभर वागवावं लागणार होतं, आणि तेही आपणच तिच्या ओटीत घातलं.

सपनाला मुलगी झाली. नामकरणाला काळ्या बांगड्या हलीमा मावशीच घालणार, नाहीतर घालायच्याच नाहीत, असं तिनं आईला बजावलं. दृष्ट लागते यावर तिचा काडीचा विश्वास नव्हता. विहारात वंदना झाली, नाव ठेवलं, बाया ओसरीवर जमल्या. युसूफनं हलीमाला रिक्षातून आणून धरून आत नेलं. ती इतकी वाळली होती की जुन्या बाया ओळखायला क्षणभर चुकल्या. आता जमलेल्या बायांना बांगड्या भरायचं काम आलिया करत होती. तिच्या हातून बांगड्या वाढत होत्या, बाया ‘आई गं’ म्हणत होत्या आणि तिचं मन दुखू नये म्हणून पुन्हा हात पुढं करत होत्या. हलीमा भिंतीला टेकून बघत होती. दाबायचं कुठं हे तिच्या उरलेल्या चार बोटांना ठाऊक होतं आणि त्यांना काही करता येत नव्हतं.

मग लेकरू तिच्या मांडीवर दिलं. तिनं काळ्या बांगड्या काढल्या. बाळाची मूठ मिटलेली होती. तिनं बांगडी पुढं केली, आणि ती आपोआप आत गेली. त्या हाताला हाडच नव्हतं म्हणा ना. दाबावंच लागलं नाही. ओसरीवरच्या बायांनी श्वास सोडला, जणू त्यांनाच भीती होती.

दोन्ही हातांत बांगड्या गेल्या तरी हलीमानं लेकरू परत दिलं नाही. तिनं त्याच्या मुठी उलगडल्या आणि तांदळाएवढी ती नखं एकेक करून, डोळ्यांजवळ नेऊन बघितली. मग पायांची बघितली. जनकाबाईनं तोंडात पदर कोंबला होता.

“साफ हाय,” हलीमा म्हणाली.

तिनं लेकरू सपनाच्या हातात दिलं आणि पेटीचं झाकण लावलं. खिटी दाबायला अंगठा लागतो. तिनं बोटांनी दाबली, ती निसटली. पुन्हा दाबली, निसटली. सपना पुढं झाली, पण हलीमानं मानेनंच नको म्हटलं आणि पेटी आलियाकडं सरकवली. आलियानं अंगठ्यानं खिटी दाबली. टच आवाज झाला आणि सगळ्या बाया सवयीनं हलीमाच्या तोंडाकडं बघू लागल्या.

“चला, आता पुढच्या...” हलीमा म्हणाली, आणि खोकल्याची उबळ आली. युसूफनं पाठीवर हात फिरवला. उबळ ओसरली तेव्हा तिनं लेकराच्या मनगटाकडं पाहिलं.

“ह्या लवकरच लहान व्हतील, सपना. पुढच्या मापाला आलिया येईल.”

आलिया पेटी पोटाशी धरून उभी होती. सपनानं मान डोलावली. युसूफनं हलीमाला उठवलं आणि दोघं हळूहळू रिक्षाकडं निघाले.